अंधाऱ्या खोलीतलं ऊन

आमच्या विभागात तळमजल्यावर एक खोली आहे. तिच्या खिडक्यांना आतून काळा रंग दिलेला, भिंती काळ्या, दारामागं जाड काळा पडदा. या खोलीत आम्ही सौर पॅनेल मोजतो. ज्या वस्तूला सगळा जन्म उन्हात काढायचाय तिला इथे अंधारात आणून ठेवायचं, वायरी जोडायच्या, दार लावून घ्यायचं आणि संगणकावरचं बटण दाबायचं. झेनॉनचा दिवा एकदाच लखकन चमकतो, पापणी लवायच्या आत विझतो आणि पडद्यावर एक वक्र रेषा उमटते: व्होल्टेज वाढत जाताना पॅनेल किती प्रवाह देतं, हे दाखवणारी. पॅनेलच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवर वॉटचा जो आकडा छापलेला असतो, तो अशाच एखाद्या चमकेतून निघालेला असतो. मागच्या सत्रात सौर यंत्रणा बसवणाऱ्यांच्या अल्पमुदतीच्या वर्गाला मी ही खोली दाखवत होते. त्यातले निम्मेअधिक आधीपासून वायरिंगची कामं करणारे. चमक झाली, सगळे एकदम बोलायला लागले, आणि मागं उभ्या असलेल्या एका पोक्त वायरमननी विचारलं, "मॅडम, बाहेर एवढं कडक ऊन पडलंय. ते सोडून आत दिवा कशाला?"

दोघं-चौघं हसले. ते मात्र उत्तराची वाट बघत राहिले. मी उत्तर दिलं, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे आकडा खोलीचा, पॅनेल छतावर."

मी दिलेलं उत्तर पुस्तकातलं होतं आणि बरोबरही होतं. ऊन सारखं बदलतं. ढगाचा विरळ पापुद्रा, हवेतली धूळ, सूर्याची उंची, वाऱ्याची झुळूक, यांतलं काहीही हललं की मोजमाप हलतं. दोन पॅनेलांची तुलना करायची तर दोघांना तंतोतंत सारखं ऊन मिळायला हवं, आणि तसं ते बाहेर मिळत नाही. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी एक ऊन ठरवून टाकलं: चौरस मीटरला १००० वॉट, सेलचं (ज्या चकत्या जोडून पॅनेल बनतं त्यांतल्या प्रत्येकीचं) तापमान २५ अंश, आणि प्रकाशातल्या रंगांची वाटणी अशी की जणू किरण वातावरणाच्या दीडपट जाडीतून आले आहेत, म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण ४२ अंश वर. दिव्याची चमक काही मिलिसेकंदांचीच ठेवतात, कारण जास्त वेळ उजेड पडला तर सेल तापेल आणि २५ अंशांची अट मोडेल. खऱ्या जगात ही अट बहुतेक वेळ मोडलेलीच असते. १००० वॉटच्या उन्हात सेल भोवतालच्या हवेपेक्षा तीसेक अंशांनी तापतो. तो २५ अंशांवर राहायचा तर डोक्यावर लख्ख ऊन आणि हवा मात्र शून्याच्या खाली, असा योग जुळून यायला हवा. सिलिकॉनच्या सेलची शक्ती दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. छतावर सेल ६० अंशांना पोचला की छापील आकड्याचा आठवा हिस्सा गेलाच म्हणायचा. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आलेख काढते, उदाहरणं सोडवून घेते. त्यांनी ते चार शब्दांत उरकलं. आणि त्या चार शब्दांत किंचित आरोपही होता, असं मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

आरोप झोंबला, कारण त्या काळ्या खोलीवर माझा जीव आहे. संशोधक विद्यार्थिनी असताना मी तिथे जवळजवळ मुक्कामालाच असे. गरम झालेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास, पंख्यांची घरघर, बाहेर दिवस आहे की रात्र याचा पत्ता नाही. सुरुवातीला ती वक्र रेषा म्हणजे मला नुसता आलेख वाटायचा: डावीकडे सपाट चालणारा प्रवाह, उजवीकडे एकदम कोसळणारा, मध्ये एक गुडघा. हळूहळू तिचे स्वभाव कळायला लागले. गुडघा गोलसर, ढिला पडला की आत कुठेतरी रोध वाढलाय. सपाट भागाला उतार आला की प्रवाह आडवाटेनं गळतोय. मध्येच पायरी दिसली की पॅनेलच्या एखाद्या भागावर सावली आहे किंवा एखादा सेल दुखावलाय आणि बायपास डायोडनं, म्हणजे अशा वेळी वीज बाजूनं नेण्यासाठी बसवलेल्या पुर्जानं, वीज वळवून नेली आहे. आमच्या गाईडना आकडे वाचायची गरजच पडत नसे. दारातून डोकावून, रेषेकडे एक नजर टाकून ते म्हणायचे, "सोल्डरिंग बघ," म्हणजे डाग देऊन जोडलेले सांधे बघ, आणि निघून जायचे. बहुतेक वेळा सोल्डरिंगच असायचं.

त्याच खोलीत दिवा न लावताही एक प्रयोग करतात. पॅनेलमधून प्रकाशाऐवजी वीज सोडायची. उजेड घेऊन वीज देणारा सेल मग वीज घेऊन उजेड देतो. तो डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त असतो, पण खास कॅमेऱ्यात येतो. सगळे सेल राखाडी चकाकताना दिसतात, आणि जिथे सिलिकॉनला तडा गेलाय तिथे काळी रेघ. काचेवरून बोट फिरवलं तर काही जाणवणार नाही, भिंग लावलं तरी दिसणार नाही, असे तडे. कुणीतरी ट्रकमधून उतरवताना पॅनेल आपटलेलं असतं, कुणी बसवताना त्यावर गुडघा टेकलेला असतो. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी. काच वाचते, आतला सेल वाचत नाही. अशी पहिली प्रतिमा पाहिली तेव्हा मला भारी आनंद झाला होता. ज्याच्या हातून ते आपटलं त्या माणसाचा विचार मनाला शिवलासुद्धा नव्हता.

त्या खोलीत माणसाला थोडी गुर्मी चढते, हे खरं आहे.

ही गुर्मी अगदीच उपरी नाही. या विद्येचा बराचसा वंश अशा खोल्यांमधूनच आलेला आहे. १८३९ साली एकोणीस वर्षांचा एदमों बेकरेल वडिलांच्या प्रयोगशाळेत द्रावणात बुडवलेल्या पट्ट्यांवर प्रकाश पाडून वाहणारा प्रवाह बघत बसला होता. १८७६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक अॅडम्स आणि त्यांचा विद्यार्थी डे यांना घन सेलेनियमवर उजेड पडताच प्रवाह वाहताना दिसला. कुठलीही हलती वस्तू नाही, उष्णता नाही, नुसता प्रकाश. त्यानंतर १९५४मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांच्या सिलिकॉनच्या सेलनं पडलेल्या उन्हातल्या सुमारे ६ टक्के ऊर्जेची वीज करण्यापर्यंत मजल मारली ती कंपनीच्या छपराखाली, पण पुढची अनेक वर्षं टक्क्या-टक्क्यानं वर चढण्याचं चिवट काम मोठ्या प्रमाणात विद्यापीठांनीच केलं. आणि हे काम किती लहान आकारात चालतं! २००९ साली योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटानं सिलिकॉनऐवजी पेरोव्स्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थाचा सेल केला तेव्हा तो ३.८ टक्क्यांचा होता आणि काही मिनिटांत मान टाकत होता, कारण त्यातलं द्रव इलेक्ट्रोलाइट त्या पदार्थालाच विरघळवून टाकी. आज त्याच कुळातले सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत. पण विक्रमाचे सेल पुष्कळदा नखाएवढे असतात. एवढ्याशा सेलवर कडेनं तिरपा प्रकाश शिरला तरी आकडा फुगतो. म्हणून त्यावर मोजून कापलेला मुखवटा, म्हणजे ठरलेल्या मापाचं भोक असलेलं झाकण, ठेवावा लागतो. मुखवट्याची कड किती धारदार, त्याची जाडी किती, यावर आमच्याकडे दुपारच्या दुपारी वाद झालेले आहेत.

अशा वेळी तो दिवा आणि ती काळी खोली यांची खरी किंमत कळते. १९९३पासून ऑस्ट्रेलियातले सौर सेलचे संशोधक मार्टिन ग्रीन आणि त्यांचे सहकारी सौर सेलच्या विक्रमांचे तक्ते वर्षातून दोनदा प्रसिद्ध करत आले आहेत. त्यात आपल्याच खोलीत मोजलेला आकडा चालत नाही. मान्यताप्राप्त त्रयस्थ केंद्राकडून मोजून आणावा लागतो. विद्यार्थ्याला हे फार जड जातं. रात्री दोन वाजता आपल्या दिव्याखाली आलेला सुंदर आकडा बाहेर पाठवला की दीड टक्का कमी होऊन परत येतो. चेहरे पडतात. पण असा पडलेला चेहरा मला चांगल्या शिक्षणाची खूण वाटते. आपलं ऊन सगळ्यांचं ऊन आहे का, हे तपासून घेण्याची ती सवय आहे. म्हणून त्या वायरमनना माझं मनातल्या मनात उत्तर असं होतं की काका, दिवा नसता तर जो तो आपापल्या छतावरचं ऊन दाखवून वाटेल तो आकडा सांगत सुटला असता. हे त्यांच्यापुढे बोलले नाही, कारण त्यांचा मुद्दा तो नव्हता.

त्यांचा मुद्दा मला त्यांच्याच वर्गात, वर छतावर कळला. तिथे प्रात्यक्षिकाचा पहिला धडा एका वाक्याचा असतो: पॅनेल बंद करता येत नाही. खालचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरातल्या विजेसारखी करून देणारं यंत्र) बंद करा, मेन स्विच पाडा, उजेड आहे तोवर पॅनेलच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज आहेच. वीस-बावीस पॅनेल ओळीनं जोडली की ते आठ-नऊशे व्होल्टच्या घरात जातं, आणि ते डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचं. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे तिची ठिणगी पेटली तरी विझायला वाव असतो. डीसीला असा श्वास नाही. वीज वाहत असताना कुणी कनेक्टर, म्हणजे दोन वायरी जोडणारी खोबणी, उपसला तर मधल्या हवेत ज्योत ताणली जाते आणि ताणलेलीच राहते, प्लास्टिक वितळतं, तांबं वितळतं. आमचे प्रशिक्षक हे सुरक्षित बाकावर, काचेच्या आडून एकदा करून दाखवतात. बारीक निळसर-पांढरी कमान आणि चर्र असा आवाज. वर्गात त्यानंतर जी शांतता पसरते ती मी माझ्या कुठल्याही व्याख्यानात अनुभवलेली नाही.

मग सुरू होतं हातांचं शिक्षण. वायरीवरचं आवरण सोलताना आतली एकही तार कापली जाता कामा नये. क्रिम्पिंगची, म्हणजे वायरीच्या टोकावर धातूची टोपी दाबून बसवण्याची, पक्कड त्याच मापाची हवी. साध्या पकडीनं दाबलेला सांधा दिसायला तसाच दिसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी तापायला लागतो. दाबून झालं की ओढून बघायचं. कनेक्टर बसला की टक् असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर बसलेला नाही, डोळ्यांना कितीही बसल्यासारखा दिसो. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत जातात, जोडू मात्र नयेत. आतल्या धातूंचं आणि मापांचं जमत नाही, आणि जळालेल्या सांध्यांचं हे एक ठाऊक असलेलं कारण आहे. बोल्ट टॉर्क पान्यानं ठरलेल्या ताकदीएवढाच आवळायचा. आधी ध्रुव तपासायचे, मग इन्सुलेशन, मग आर्थिंग, मगच जोडणी. आणि या सगळ्याच्या आधी हार्नेस, उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा. ते वायरमनकाका डोळे मिटून क्रिम्प ओढून बघत होते. मी विचारलं, डोळे का मिटता? म्हणाले, "उघडे ठेवले की मन म्हणतं, ठीक आहे, झालं."

हे वाक्य मला आमच्या गाईडच्या तोंडी सहज बसलं असतं.

तरीही एकाच इमारतीत या दोन शिक्षणांची भेट होत नाही. संशोधनवाले तळमजल्यावर, प्रशिक्षणवाले छतावर, आणि मधले जिने फक्त उतरायला-चढायला. पीएच.डी.च्या मुलांना तो अल्पमुदतीचा वर्ग म्हणजे गर्दी वाटते. त्या आठवड्यात मल्टिमीटर जागेवर सापडत नाहीत अशी त्यांची तक्रार असते (ती खरी आहे). वर्गाच्या अभ्यासक्रमात 'कसं करायचं' भरपूर आहे, 'का' मात्र परीक्षेत येत नाही म्हणून गाळलेलं. आणि संशोधनात 'का' इतकं भरपूर आहे की सेलच्या पृष्ठभागावरच्या काही नॅनोमीटरच्या थरावर प्रबंध लिहिणाऱ्या माझ्याच एका विद्यार्थिनीनं कनेक्टर कधी हातात धरलेला नव्हता. तिला त्याची गरज पडली नव्हती, एवढंच. मला हे खटकतं, पण सरसकट दोषही देववत नाही. चार-पाच वर्षांत प्रबंध संपवायचा असतो, आणि नॅनोमीटरचा थर अर्धवट लक्ष दिलेलं सहन करत नाही.

अशा थरांमधूनच पुढे छतं बदलतात, हेही डोळ्यांसमोर आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ग्रीन यांच्या गटानं १९८९ साली २२.८ टक्क्यांचा एक सेल प्रसिद्ध केला. त्याच्या पाठीमागं सगळीकडे धातू न लावता आधी एक पातळ निरोधक थर दिला होता, आणि धातू फक्त ठिपक्या-ठिपक्यांनी आत टेकवला होता. त्यामुळे पाठीशी येऊन वाया जाणारे विद्युतभार वाचले आणि आरपार निघालेला प्रकाशही परत आत फिरला. पुढे 'पर्क' या नावानं ओळखला गेलेला सेल तो हाच. कारखान्यांना तो परवडेल अशा रीतीनं करता यायला वीसहून जास्त वर्षं गेली. मग मात्र काही वर्षांतच जगातल्या बहुतेक नव्या पॅनेलांमध्ये तो होता. या कामासाठी ग्रीन, अँड्र्यू ब्लेकर्स, आइहुआ वांग आणि जिआनहुआ झाओ यांना २०२३चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला. मला त्या विद्यापीठाची दुसरी गोष्ट जास्त भावते. विक्रम करून ते थांबले नाहीत. २०००मध्ये त्यांनी सौर अभियांत्रिकीची स्वतंत्र पदवी सुरू केली. आणि तिथून १९९२ साली पीएच.डी. झालेल्या शी झेंगरोंग यांनी २००१मध्ये चीनमधल्या वूशीला सनटेक ही सौर पॅनेलची कंपनी काढली. प्रयोगशाळेतलं ज्ञान शोधनिबंधांतून पसरतं तितकंच माणसांतून पसरतं, आणि माणसांतून जास्त वेगानं.

वेळेचं एक विचित्र त्रांगडं मात्र कुठलंच विद्यापीठ सोडवू शकलेलं नाही. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची, विद्यार्थी चार-पाच वर्षांचा. म्हणून आम्ही म्हातारपण घाईनं आणतो. पॅनेल एका कपाटात घालून ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास कोंडतात, म्हणजे जवळपास सहा आठवडे. दुसऱ्या कपाटात उणे ४० ते अधिक ८५ अंश अशा २०० फेऱ्या. २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं काचेवर मारतात. हे बघायला मात्र सगळा विभाग गोळा होतो. या परीक्षांतून जे पार पडतं ते लहानपणी मरत नाही, इतकंच छातीठोकपणे सांगता येतं. ते म्हातारं कसं होईल हे कपाटाला विचारून कळत नाही, तिथे वर्षंच मोजावी लागतात. स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला १९८२ साली बसवलेला १० किलोवॉटचा एक संच आहे, युरोपात ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जोडलेल्या पहिल्या संचांपैकी. तिथल्या उपयोजित विज्ञान विद्यापीठानं तो पस्तीस वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा उतरवून मोजला. सगळी पॅनेल एका कंपनीची, एका नमुन्याची. तरी ती सारखी म्हातारी झाली नाहीत. सेल ज्या पातळ प्लास्टिकच्या थरात मढवतात त्याचं मिश्रण वेगवेगळं होतं, आणि पॅनेलांचं नशीब त्यानं ठरवलं. हे कळायला किती विद्यार्थी आले असतील, किती जण नोंदवहीत आपली पानं भरून निघून गेले असतील. त्या सगळ्या नोंदींतून कुणा एकाचा प्रबंध होत नाही. असं काम निधी मागताना सांगायला फार अवघड असतं.

आयआयटी मुंबईच्या एनसीपीआरई या सौर संशोधन केंद्रानं २०१३पासून देशभर फिरून जी सर्वेक्षणं केली, तीही याच जातीची. प्रयोगशाळेतली माणसं मोजणीची यंत्रं आणि कॅमेरे उचलून वेगवेगळ्या हवामानांत गेली. उष्ण प्रदेशात झीज जास्त, हे अपेक्षितच होतं. पण मोठ्या प्रकल्पांपेक्षा छतांवरच्या लहान संचांची झीज जास्त दिसली, हे वाचताना मी थबकले. ऊन तर दोघांना तेच. छतावर वारा कमी खेळतो, पाठ तापते, हे एक. पण उचल-आपट, बसवण्यातली घाई आणि नंतरची हेळसांड या माणसांच्या हातच्या गोष्टींकडेही बोट जातंच. माझ्या राखाडी प्रतिमांमधल्या काळ्या रेघा त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाच्या तरी हातच्या वाटल्या. त्या हातांना ती प्रतिमा कधी कुणी दाखवली होती का, हाच प्रश्न होता. आता मी प्रत्येक वर्गाला दाखवते. गुडघा टेकलेलं पॅनेल आणि न टेकलेलं, शेजारीशेजारी. नियम सांगून जे होत नाही ते त्या दोन चित्रांनी होतं.

उलट्या दिशेनंही काही व्हावं म्हणून मी विभागाच्या बैठकीत सुचवलं की प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं एक आठवडा छतावरच्या वर्गात बसावं, क्रिम्पिंगपासून आर्थिंगपर्यंत सगळं हातानं करावं आणि त्याची परीक्षा द्यावी. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लगेच हरकत घेतली. जो मुलगा पेरोव्स्काइटच्या रसायनावर काम करतो त्याला बोल्ट आवळता आला काय, न आला काय. उद्या छतावरून कुणी पडलं तर जबाबदार कोण. आणि असंच असेल तर वायरमननाही क्वांटम भौतिकी लावा. शेवटचं त्यांनी उपहासानं म्हटलं होतं. मी म्हणाले, लावू या की, थोडं लावू या. ते वायरमनकाका सेलमध्ये जाळी कशाला असते, पॅनेल तापलं की व्होल्टेज का पडतं, हे विचारतच होते. त्यांना उत्तर द्यायला माणूस नव्हता, कारण ज्यांना येतं ते तळमजल्यावर होते. सर म्हणाले, एका चुणचुणीत विद्यार्थ्यावरून धोरण ठरत नसतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या वर्गातल्या कित्येकांना प्रमाणपत्र हातात पडेपर्यंतच रस होता, हेही मी पाहिलंय. सुरक्षिततेचा मुद्दा तर बिनतोड आहे. छत हा काही तत्त्वचर्चेचा ओटा नव्हे.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेलाय. मध्यंतरी त्या नॅनोमीटरवाल्या मुलीनं स्वतःहून येऊन विचारलं की नव्या वर्गात तिला बसता येईल का, हजेरी नको, नुसतं बसायचंय. मी कारण विचारलं, तर तिच्या सेलला बाहेर वायर जोडल्या जागी रोध वाढतोय आणि तो पदार्थाचा दोष आहे की जोडणीचा, हे तिला ठरवता येत नाहीये. सरांना मी हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सत्राच्या मागणीपत्रात हार्नेसचा आकडा मात्र वाढवून घातलाय, आणि क्रिम्पिंगच्या पकडींचाही.